आठवी बी

पोर्ट लॅनियन,
१७ जानेवारी १९८८

प्रिय आयव्हीस,

नाताळचं कार्ड मिळालं. तेच चर्च, त्याच मेंढ्या आणि खाली तुझं नाव. तीस वर्षांत एक मेंढीसुद्धा वाढली नाही बघ. मीही तुला दरवर्षी गव्हाच्या शेताचं तेच चित्र पाठवते, तेव्हा मला बोलायला तोंड नाही. म्हणून आज कार्ड बाजूला ठेवून कागद घेतलाय. पत्राला कारण आहे, पण ते शेवटी सांगते. आधी गावचं ऐक.

यंदाचा उन्हाळा मेला जिवावर उठलाय. तीन दिवस सलग चव्वेचाळीस. पत्र्याचं छप्पर दुपारी असं कडकड वाजतं की वाटतं कुणी वर चालतंय. दोन कोंबड्या गेल्या. उरलेल्या हौदाच्या सावलीत चोची उघड्या टाकून बसतात आणि माझ्याकडे अशा बघतात जणू ऊन मीच पाडलंय.

काल पहाटे ओहोटीला खेकड्यांना गेले होते. सव्वीस मिळाले, सगळे निळे, पंज्याएवढे. दाताळं डाव्या हाताने ओढते. उजव्या खांद्याने कधीच राजीनामा दिलाय, वेणी घालायची म्हटली तरी हात वर जात नाही, म्हणून केस कापून टाकले. तुला चालले नसते. पण तू इथे कुठेयस बोलायला.

टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीत आता व्हिडिओ कॅसेटचं दुकान आहे. तू बसायचीस त्या खिडकीत एका नटाचं भलंमोठं चित्र लावलंय, अंगात शर्ट नाही. तुझ्या जागी बरा माणूस बसवला म्हणायचा.

आता कारण. केल्व्हिन पेंगिली आठवतो का? बेकरीवाल्यांचा, शाळेत दोन पायांत दोन रंगांचे मोजे घालून यायचा तो. तो आता आपल्या क्रिकेट क्लबचा अध्यक्ष आहे आणि पोट त्याच्याआधी दारातून आत येतं. ऑस्ट्रेलियाला दोनशे वर्षं झाली म्हणून यंदा गावोगाव काही ना काही उभारतायत. कुठे कारंजं, कुठे घड्याळ. आपल्या गावाला काय सुचावं? हा गृहस्थ माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझ्याच हातची मटण भरलेली पास्टी खात म्हणाला, "नोला, मैदानाला तुझं नाव द्यायचं ठरलंय. तू गावाची शान आहेस."

मी म्हटलं, "सेहेचाळीस साली तुझ्या बापाने मला त्या मैदानाच्या फाटकातून परत पाठवलं होतं. म्हणाला होता, बायकांनी चहा-सँडविचचं बघावं."

"म्हणून तर," केल्व्हिन म्हणाला, "आता तू फीत काप. सँडविच आम्ही पुरुष करतो."

ते सँडविच बघायला तरी मी जाणार आहे. १२ मार्च, शनिवार, दुपारी तीन. फाटकाच्या खांबावर एक पितळी पाटी बसवलीये, तिच्यावर माझ्याबद्दल काहीबाही लिहिलंय. ते जाऊ दे.

आयव्ही, तू ये. आल्बनीहून गाडीने दोन दिवस लागतात, ठाऊक आहे. तुझी खोली मी झाडून ठेवलीये. नवीन चादरी घातल्यात. तू त्रेसष्टची, मी साठीला टेकलेली. दोघींपैकी एक गेल्यावर दुसरीने दोन दिवस गाडीत बसून यायचं, त्यापेक्षा दोघी असताना आलेलं काय वाईट? तेव्हाच्या त्या गोष्टीबद्दल आपण बोलायलाच हवं असं नाही. खेकडे खाऊ.

तुझी बहीण,
नोला


पोर्ट लॅनियन,
६ फेब्रुवारी १९८८

आयव्ही,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. "पाटीवर काय लिहिलंय ते आधी कळव." खाली नाव. पोस्टाच्या तिकिटावर यापेक्षा जास्त मजकूर असतो.

तू बदलली नाहीस. मी चार पानं भरून खेकड्यांचं, कोंबड्यांचं लिहिलं, आणि तुझी नजर नेमकी मी जे पटकन उरकलं त्यावरच गेली. लहानपणापासून ही खोड आहे तुला. सगळे चेंडूकडे बघायचे आणि तू कोपराकडे.

बरं, ऐक. पाटीवर लिहिलंय, नोला ट्रेम्बाथ. बारा कसोटी सामने, त्रेसष्ट बळी. ऑस्ट्रेलियाची सर्वांत वेगवान स्त्री गोलंदाज. आणि यातला प्रत्येक शब्द खरा आहे. ते बळी मला कुणी दान दिलेले नाहीत. तुझ्यासारखं आणखी कुणाला हे ठाऊक नाही, म्हणून तुला आठवण करून देते, कारण तुझ्या त्या एका ओळीचा वास मला आवडला नाही.

धक्क्यावरून पडून माझा हात मोडला तेव्हा मी सात वर्षांची होते. डॉक्टर गावाला गेलेले. औषधवाल्याने हात बांधला आणि कोपर जे वाकडं बसलं ते आजतागायत वाकडं आहे. रडत मला घरी तूच आणलंस, रस्ताभर तूच जास्त रडत होतीस. वर्षभरात मी त्याच हाताने मागच्या अंगणात चेंडू टाकायला लागले. रॉकेलचा डबा म्हणजे यष्टी. बाबा धक्क्यावर दिवसभर गव्हाची पोती वाहून यायचे आणि बूटसुद्धा न काढता बॅट घेऊन उभे राहायचे. तू कपड्यांच्या दोरीखाली, स्क्वेअर लेगला. तुला ना बॅट हवी होती ना चेंडू. तुला न्याय करायचा होता.

आणि त्या बिया! आई क्वांडाँगच्या रानफळांचा मुरंबा करायची, त्यातल्या सुरकुतलेल्या आठ बिया तू धुऊन तंबाखूच्या डबीत ठेवल्या होत्यास. एक चेंडू पडला की एक बी डाव्या खिशातून उजव्या खिशात. तेव्हा आपल्याकडे षटक आठ चेंडूंचं, आठ बिया झाल्या की ते संपलं. बाबा हुज्जत घालायचे. "आयव्ही, डब्याला लागला नाही तो, वाऱ्याने वाजला." तू म्हणायचीस, "आउट म्हणजे आउट, बाबा. आत जा, पास्टी गार होतेय." जहाजाच्या कप्तानाला न जुमानणारा तो माणूस निमूट आत जायचा.

मग मी राज्याच्या संघात गेले आणि एका बातमीदाराने छापलं की ही पोरगी चेंडू टाकत नाही, फेकते. अ‍ॅडलेडला संघटनेच्या बायकांनी बोलावून घेतलं. टोपीत पिसं खोवलेली ती अध्यक्षीण माझ्या हाताकडे अशी बघत होती जणू मी तो कुठून चोरून आणलाय. तूच उठलीस. आठवतं? म्हणालीस, "बाई, कोपर वाकडं असणं हा गुन्हा नाही. वाकडं कोपर चेंडू सोडताना सरळ केलं तर ती फेक. हिचं सरळ होतच नाही. होतं का बघा." संत्र्याच्या खोक्याच्या दोन फळ्या तू माझ्या हाताला दोन्ही बाजूंनी बांधल्यास, आपल्या दोघींच्या मोज्यांचे बंद सोडून. मी तशीच धावत आले आणि आठ चेंडू टाकले. तीनदा यष्टी उडाली. मोजे घोट्यापर्यंत खाली आलेले. मी त्या बाईला विचारलं, "आता आणखी काय बांधू? तोंड?" आणि तुला हसू आवरेना, तू पाठ फिरवून उभी राहिलीस.

तिथून सगळं सुरू झालं. मेलबर्नला पहिला सामना, पाच बळी. इंग्लंडला जाताना जहाजाच्या डेकवर सराव करत आम्ही एकोणीस चेंडू समुद्रात घालवले. तिथे मी एका डावात सात जणी गारद केल्या, तर तिथल्या वर्तमानपत्राने माझ्या गोलंदाजीवर दोन ओळी लिहिल्या आणि स्कर्टच्या चुण्यांवर दहा. पुढच्या सामन्यात त्यांच्या कप्तानीणबाईंच्या मांडीवर असा चेंडू बसला की तिला माझ्या चुण्या आठवल्या नसतील. परत आल्यावर मी बिस्किटांच्या कारखान्यात आठ तास डबे बांधायचे आणि संध्याकाळी भिंतीवर खडूने यष्टी काढून दोन तास चेंडू टाकायचे. पुरुषांना मैदानं मिळायची, आम्हाला त्यांची वापरून झाल्यावर. मी कुणाच्या दयेवर खेळले नाही. कुणापुढे मान तुकवली नाही. त्या बारा कसोट्यांत माझ्या हातून जे चेंडू सुटले ते बघायला दर वेळी कुणीतरी पंच स्क्वेअर लेगला डोळ्यांत तेल घालून उभा होता, आणि कुणीही तोंड उघडलं नाही.

अठ्ठावन्न सालापर्यंत.

ते मी लिहीत नाही. तू तिथे होतीस.

पाटीवर आणखी एक ओळ आहे. मी लिहिलेली नाही, केल्व्हिनने लिहिलीये. मला वाचून दाखवली तेव्हा मी भांडी घासत होते आणि मी काही बोलले नाही, झालं. ती अशी: "एका पंचाच्या चुकीच्या निर्णयामुळे कसोटी क्रिकेटला अकाली मुकलेली."

तुझं नाव नाही त्यात. मी विचारलं तेव्हा केल्व्हिनही तेच म्हणाला, "नाव कुठे घातलंय?" या गावात नाव घालायची गरज काय ते मला कळतं, आयव्ही. मी मूर्ख नाही.

आता कळवलं. येणार की नाही, सांग.

नोला


पोर्ट लॅनियन,
२८ फेब्रुवारी १९८८

आयव्ही,

तीन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. ते बरोबरच आहे. तुझ्या जागी मी असते तर असली शिवी हासडली असती की टपालखात्याने पाकीट परत पाठवलं असतं.

आज घरात कुणी नाही, पंखा चालू आहे, चहा केलाय. आता जे लिहिणार आहे ते मी तीस वर्षं लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर वाच तशीच.

तुला बरोबर दिसलं होतं. मी तो चेंडू फेकला होता.

तू तीस वर्षं हे वाक्य ऐकायला थांबलीयेस आणि मला ते लिहायला एक मिनिट लागलं. लाज वाटते मला. आता नीट सांगते, तुझा हक्क आहे तो.

अ‍ॅडलेडचा तो शेवटचा दिवस. नेमलेल्या पंचबाई उन्हाने आडव्या झाल्या आणि पंचांची परीक्षा पास झालेली दुसरी कुणी हजर नव्हती, तू सोडून. तू नको म्हणत होतीस. "बहीण खेळतेय, मी उभी राहणार नाही." इंग्लंडची कप्तान हसून म्हणाली, "आम्हाला चालेल." मीच तुझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हटलं, "चल गं, अंगणातलंच समज." मीच तुला त्या जागी उभं केलं, आयव्ही. हे पाटीवर कुणी लिहीत नाही.

जे तुला ठाऊक नाही ते हे. माझा खांदा सकाळीच गेला होता. दुसऱ्या षटकात आत काहीतरी फाटल्यासारखं झालं. कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाहेर बसवलं असतं, आणि मला आतून कळलं होतं की आता बसले तर पुन्हा उठणार नाही. दिवसभर दात आवळून टाकत राहिले. शेवटचं षटक, त्यांची शेवटची जोडी, एक बळी मिळाला की मालिका आपली. सात चेंडू झाले. सातही स्वच्छ, आणि सातही गरीब. ती समोरची पोरगी ते आरामात तटवत होती. आठव्याला धावत निघाले आणि अर्ध्या वाटेत मला कळलं की खांद्यात काही उरलेलं नाही. मग जोर आणला कुठून? कोपरातून. आणखी वाकवलं आणि झटका दिला. चेंडू हातातून सुटायच्या आधी मला कळलं होतं.

मधली यष्टी उडाली. पण तुझा आवाज यष्टीच्या आधी आला. "नो-बॉल!" आख्ख्या मैदानाला ऐकू गेला.

तुझा चेहरा मला अजून दिसतो. मी चालत तुझ्यापाशी आले. लोकांना वाटलं मी तुला मारणार. तू हळूच म्हणालीस, "नोला, मला बघावंच लागलं गं." मी कुणीतरी परत आणून दिलेला चेंडू तुझ्या पायाशी ठेवला आणि मैदानातून निघून गेले. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, मला. आणि तुला हुर्यो. उरलेला चेंडू दुसऱ्या कुणीतरी टाकला, सामना अनिर्णित राहिला.

नुसतं तेव्हा गप्प बसले असते तर एक वेळ समजू शकले असते. रागात माणूस काय करत नाही. पण इथे स्टेशनवर बँड आला होता. मला खांद्यावर उचललं, त्याच फाटलेल्या खांद्याला धरून, आणि मी हसत हात हलवला. पुढे तू एक्स्चेंजमध्ये फोन जोडायला लागलीस की लोक तुझा आवाज ऐकून म्हणायचे, "दुसरी बाई द्या." हे मला कळत होतं. आपल्या दारात कुणी मेलेलं कबूतर टाकून गेलं, ते मीच झाडलं. तरी बोलले नाही. मनाशी म्हणायचे, एक कबूल केला तर लोक म्हणतील सगळेच फेकलेले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट जातील. फळ्या बांधून जे कमावलं ते एका चेंडूपायी का घालवू? माझे बळी वाचवण्यासाठी मी तुझा बळी दिला.

आणि बाबा. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी मला धक्क्यावर घेऊन गेले. गळ टाकून बसले आणि समुद्राकडे बघत म्हणाले, "नोला, एकदाच विचारतो. आयव्हीला बरोबर दिसलं का?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी मान हलवली. त्यानंतर ते तुझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागले. एप्रिलमध्ये तू पेटी भरून गेलीस तेव्हा ते कामावर गेले होते, मुद्दाम. पुढे आजारपणात मी त्यांच्या उशाशी सहा आठवडे बसले होते. रोज सांगू शकले असते. तू अंत्यविधीला आलीस, मागच्या बाकावर बसलीस आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस. मी तुला चहासुद्धा विचारला नाही, कारण तू समोर बसलीस तर मी बोलून टाकेन अशी भीती वाटत होती. याची माफी मागायला मला शब्द नाहीत. मागते तरी. तुला द्यायची नसेल तर देऊ नकोस.

आता या आठवड्याचं ऐक, यात तुला जरा करमणूक आहे.

मंगळवारी क्लबात समितीची सभा होती. सहा जण, चहा, लोणी-जॅम. मी आत गेले आणि म्हटलं, "पाटीवरची शेवटची ओळ काढा."

केल्व्हिन म्हणाला, "का? खरीच तर आहे."

"खोटी आहे. मी चेंडू फेकला होता."

समितीतली मार्लीन चहा ओतत होती, ती ओततच राहिली, बशी भरून टेबलावर आला. केल्व्हिनने मला खुर्ची दिली. "नोला, पाणी घे. उन्हातून आलीस."

"मला ऊन लागलेलं नाही. मी शुद्धीवर आहे. आयव्हीने बरोबर दिलं होतं. तुमच्या बापांनी आणि तुम्ही तिला गावातून घालवलंत, आणि मी बघत बसले."

मग तो खालच्या आवाजात समजावायला लागला. "हे बघ, तीस वर्षं झाली. कुणाला काय पडलंय? आणि तू हे बोललीस तर लोक उद्या म्हणतील, पहिल्यापासून फेकतच होती."

"म्हणू देत," मी म्हटलं. "ज्याला म्हणायचंय त्याने बॅट घेऊन यावं. हाताला फळ्या बांधून टाकते. माझे त्रेसष्ट बळी स्वच्छ आहेत. तो चौसष्टावा झाला असता, तो मिळाला नाही, आणि मिळाला नाही हेच बरोबर झालं. तुमची ती ओळ माझ्या त्रेसष्ट बळींना बट्टा आहे."

"पाटी बसवून झालीये. पितळ पुन्हा ओतायला वेळ नाही."

"काढायला वेळ लागत नाही," मी म्हटलं आणि पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. घरून घेऊनच गेले होते.

चार स्क्रू, आयव्ही. भर तीनच्या उन्हात, डाव्या हाताने. केल्व्हिन बाजूला उभा राहून म्हणत होता, "अगं नोला, सरकारी अनुदान आहे ते, हिशेब मागतील." मी म्हटलं, "मग सावली तरी धर." आणि तो खरंच टोपी धरून उभा राहिला बिचारा. ती पाटी आता कोंबड्यांच्या खुराड्यावरचा पत्रा उडू नये म्हणून ठेवलीये. उपडी.

गाव दोन दिवस कुजबुजलं. खाटकाकडे एकाने माझ्याकडे पाठ केली. तुला रोज किती जणांनी केली असेल याचा मी पहिल्यांदा विचार केला. परवा केल्व्हिनचा फोन आला. म्हणाला, समितीने पुन्हा बसून ठरवलंय, लाकडी फळी लावू, नाव आणि आकडे, बाकी काही नाही. मग म्हणाला, "माझी आई फोनवर आयव्हीचा आवाज आला की रिसीव्हर आपटायची. मला आठवतं." एवढंच. मैदानाला नाव नको म्हणून मी सांगणार होते, पण मग विचार केला, का नको? कमावलंय मी ते. फक्त फीत कापायच्या आधी मी माईकवर उभी राहून तुला लिहिलं तेच सगळ्या गावाला सांगणार आहे. ज्याला ऐकायचं नसेल त्याने सँडविच घेऊन घरी जावं.

तर १२ तारीख. या वेळी तुला चादरींचं आमिष दाखवत नाही. तू आलीस न आलीस, मी बोलणार आहेच. पण एक काम असं आहे जे तुझ्याशिवाय होत नाही.

पाकिटात कागदाच्या पुडीत एक बी आहे. ओळखलीस का? त्या दिवशी मी चेंडू तुझ्या पायाशी ठेवायला वाकले तेव्हा ती गवतात पडलेली होती, तुझ्या मुठीतून सुटलेली. सात तुझ्या उजव्या खिशात गेल्या होत्या. ही आठवी. नो-बॉल मोजत नाहीत, म्हणून ती डावीकडून उजवीकडे जायची राहून गेली. मी उचलली आणि तीस वर्षं सुयांच्या डबीत ठेवली. का ठेवली ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

माझा एक चेंडू बाकी आहे, आयव्ही.

शनिवारी मी तो टाकणार आहे. केल्व्हिन बॅट धरतो म्हणालाय, घाबरलाय तो आधीच. तू पंचाचा पांढरा कोट घालून स्क्वेअर लेगला उभी राहा, बी डाव्या हातात धर. खांदा उचलत नाही, तेव्हा चेंडू कदाचित तीन टप्पे खाऊन पोहोचेल, पोरं हसतील. हसू देत. तू चेंडूकडे बघू नकोस, माझ्या कोपराकडे बघ. ते वाकडं आहे आणि वाकडंच राहील. तसूभर जरी सरळ झालं तरी ओरड, त्या दिवशी ओरडलीस तेवढ्याच जोरात. आणि नाही झालं, तर बी उजव्या खिशात टाक आणि सांग सगळ्यांना, षटक संपलं.

एकच फेकला, बाकीचे सगळे टाकले,
तुझी,
नोला